निळ्याचं पांढरं

मागच्या महिन्यात एक सूनबाई आपलं दोन महिन्यांचं बाळ आणि एक फुगलेली पिशवी घेऊन माझ्या स्टुडिओत आल्या. पिशवीतून एकेक करत त्यांनी टेबलावर सात झबली मांडली. गुलाबी, पोपटी, लिंबाच्या सालीसारखं पिवळं, दोन निळी, आणि दोन अशा रंगांची की त्यांना मराठीत नाव आहे की नाही हे मला ठाऊक नाही. म्हणाल्या, "काका, आता तुमच्याकडे रंगीत फोटो निघतात ना? मग ह्यातलं कोणतं खुलेल ते सांगा."

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. झबली सातच राहिली. आतून आमच्या सौ. म्हणाल्या, "त्याइले रंगाचं काऊन विचारता बाई? माह्या लग्नातल्या शालूचा रंग विचारा, चुकतेत."

हे खरं आहे. मी हिरवा म्हणतो, त्या म्हणतात जांभळा. लग्नाच्या फोटोत तो काळा आहे, त्यामुळे पुरावा कोणाकडेच नाही.

लोकांना वाटतं, ज्या माणसानं वडशाला बसून पंचवीस वर्षं पोराबाळांचे फोटो काढले, त्याला कोणत्या बाळाला काय घालावं एवढं तरी कळत असेल. एके काळी मलाही तसंच वाटत होतं. मग एका निळ्या झबल्यानं मला असं काही गोंधळात टाकलं की तो गोंधळ अजून उतरलेला नाही. त्या सूनबाईंना मी काय सांगितलं ते जाऊ द्या. ते झबलं सांगतो.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. तेव्हा आमचा सगळा मुलूख चांदा जिल्ह्यातच मोडायचा. पार एटापल्लीच्या जंगलापासून लोक धान विकायला, मीठमिरची न्यायला वडशाला येत, आणि त्यातला एखादा हौशी माणूस माझ्या टिनाच्या छपराखाली घुसे. छपराचा एक तुकडा काढून मी तिथं दुधी काच बसवली होती. तोच माझा दिवा. मागे एका नाटक कंपनीनं टाकून दिलेला पडदा होता, त्यावर राजवाड्याच्या पायऱ्या, दोन खांब आणि एक मोर. मोराचं डोकं उंदरांनी खाल्लेलं असल्यामुळे त्या जागी मी गिऱ्हाईक उभं करत असे. पडद्याबरोबर कंपनीनं कागदी फुलांच्या माळांचं एक गाठोडंही दिलं होतं. ते गाठोडं लक्षात ठेवा.

आता धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी जी फिल्म वापरत असे, तिला तांबडा रंग दिसत नसे. म्हणून तर आम्ही अंधाऱ्या खोलीत तांबडा दिवा लावून फिल्म धुवायचो. ती त्या उजेडाला आंधळी. तांबडं काहीही तिच्यासमोर धरा, फोटोत काळं ठिक्कर. पिवळंही मळकट. आणि निळं? निळं मात्र तिला इतकं दिसायचं की फोटोत ते पांढरंशुभ्र होऊन यायचं. सगळे रंग ओळखणारी फिल्म नागपुरात मिळत होती. पण ती धुवायची मिट्ट काळोखात, आणि मी भर उजेडात चष्मा शोधणारा माणूस.

एका मालगुजाराच्या घरचं बाळ एकदा लाल मखमलीच्या अंगरख्यात आलं होतं, वर जरीची टोपी. फोटो पाहून आजोबांनी मला बोलावणं धाडलं. "काऊन जी, माह्या नातवाले कोळशात लोळवून मंग बसवलं का?" मी त्यांना फिल्मचं आंधळेपण समजावत होतो. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे तुमच्या डब्ब्याले दिसत नाई. मंग तुम्ही कायले त्याच्या मागं डोक्सं घालून पाह्यता?"

त्या दिवसापासून मी ठरवलं की बाळाचा कपडा आपणच द्यायचा. सौ.नी आपल्या एका जुन्या आकाशी लुगड्याचं झालर लावलेलं झबलं शिवून दिलं. कोणतंही बाळ त्यात घाला, फोटोत दुधानं न्हाल्यासारखं दिसे. कुरखेड्यापासून चिमूरपर्यंत माझ्या निळ्या झबल्याचं नाव झालं. म्हणजे मला तसं वाटत होतं.

अशात एका बाजारच्या दिवशी दारापुढे बैलगाडी थांबली. तीतून एक म्हातारी उतरली आणि तिच्यामागे पदरात लेकरू झाकलेली तरणी सून. पाच-सहा मैलांवरच्या तलावाकाठच्या गावची ढिवर माणसं. तलावात मासोळी धरायची आणि दोन तुकडे धानाचे. म्हातारीचं नाव सखुबाई, सुनेचं कौसल्या.

सखुबाई आत येताच म्हणाली, "फोटोवाले भाऊ, ह्या लेकराचा फोटो काढून द्या. पण साजरा नका काढू."

इतकी वर्षं गिऱ्हाईकं 'चांगला काढा' म्हणायची. हे नवीन होतं.

"साजरा नको म्हणजे कसा हवा?"

"साजरा नको, जिता पायजे. त्याच्या बापाले जिता दिसला पायजे, बस."

मी कौसल्येकडे पाहिलं. ती जमिनीकडे पाहत होती. मग म्हातारीनंच सांगितलं. तिचा मुलगा शिवराम नागपूरकडच्या क्षयाच्या दवाखान्यात होता. ही दुसरी खेप. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला तो तिकडे असताना इकडे त्याचं लेकरू गेलं. ते तिसरं, आधीची दोनही तशीच गेलेली. त्याच्या जिवाला धक्का बसू नये म्हणून घरच्यांनी मास्तरकडून पत्रं लिहवली, 'सर्व खुशाल आहे.' दोन महिने खुशाल. मग गावाकडचा कोणीतरी तिकडे भेटला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं. शिवराम अर्धा बरा झालेला, तसाच उठून घरी आला आणि पुन्हा आजारी पडला. ह्या खेपेला डॉक्टरांनी बजावलं होतं की आता अर्ध्यातून उठलास तर खाट दुसऱ्याला जाईल आणि तू सरणावर.

"आता हे चवथं झालं," म्हातारी म्हणाली. "आम्ही लिव्हलं, पोरगा झाला, सर्व खुशाल हाय. त्यानं निरोप धाडला, मले पत्र नका दाखवू, डोयानं दाखवा. नाई तं मी येतो."

मी म्हणालो, "एवढंच ना? आत्ता काढून देतो."

एवढंच! माझ्या तोंडून निघालेल्या शब्दांपैकी हा मला सगळ्यात जास्त टोचतो.

कौसल्येनं पदर बाजूला केला. बाळ दीड महिन्याचं, हाडाचं बारीक, पण डोळे टपोरे. जन्मल्याबरोबर त्याला सुपात घालून बाहेर ठेवलं होतं आणि शेजारणीनं टाकलेलं लेकरू म्हणून उचलून परत ह्यांना 'दिलं' होतं, म्हणून नाव सुपडा. तान्ही लेकरं नेणाऱ्या सटवीला वाटावं की हे काही ह्या घरचं नाही, कोणाचं तरी उकिरड्यावरचं. अंगात होतं पाच घरांतून मागून आणलेल्या चिंध्यांचं झबलं. एक तुकडा चौकड्याचा, एक पट्ट्यांचा, एक ठिपक्यांचा, एकाला काठ, एक साधा. टाके दातांनी तोडलेले.

"बाई, ह्यात लेकरू भिकाऱ्याचं दिसेल," मी म्हणालो.

"दिसू द्या ना! तेच तं पायजे."

"आणि ह्यात तांबडं आहे, ते काळं होईल."

"काळं तं आणखी बेस."

मी माझं निळं झबलं काढलं. सखुबाईनं ते बोटांनी चाचपून हात झटकला. "नवं नाई घालत जी आमी."

"नवं नाही. आमच्या घरच्या जुन्या लुगड्याचं आहे."

म्हातारी विचारात पडली. "जुनं हाय? परक्या घरचं हाय? मंग चालते." सटवीला फसवण्याच्या तिच्या हिशोबात माझ्या झबल्याचा सहावा तुकडा बसला असावा. मी खूश झालो. आपण अडाणी माणसाला कसं पटवतो, असं काहीसं वाटलं.

आता दुसरी अडचण. त्या वेळी फोटो म्हणजे कॅमेऱ्याचं टोपण काढायचं, 'एक, दोन' म्हणायचं, टोपण लावायचं. तेवढ्यात बाळ हललं की फोटोत त्याच्या हाताचा धूर होतो. म्हणून तान्ह्या बाळांबाबत माझं शास्त्र ठरलेलं होतं: पाजायला सांगायचं, झोपू द्यायचं, मग काढायचं. झोपलेलं बाळ म्हणजे फोटोग्राफरची पुण्याई.

सुपडा झोपला. कौसल्या प्रथमच बोलली, अगदी हळू. "भाऊ, डोये उघडे असताना नाई निघत का?"

"हलेल बाई. खराब होईल."

मी त्याला पांढऱ्या उशीवर निजवलं. मग मला वाटलं, काहीतरी कमी आहे. आणि मी ते नाटक कंपनीचं गाठोडं सोडलं आणि उशीभोवती कागदी फुलांची माळ मांडली.

वाचकहो, तुम्हाला एव्हाना दिसलं असेल. मला दिसलं नाही. मी त्या डब्यामागे डोकं घालून पाहत होतो. तिथं काचेवर सगळं निळं, गुलाबी, जिवंत आणि उलटं दिसत होतं.

सौ.ना दिसलं. दोरीवर वाळत घातलेला फोटो पाहून त्या थांबल्या. "अहो, हे लेकरू झोपलं हाय ना?"

"मग काय करतंय?"

"नाई, विचारलं."

"काय नितळ आलाय पाहा. एक रेघ हललेली नाही."

"हो," त्या म्हणाल्या, "अजिबात हाललेली नाई." आणि आत गेल्या. माझी कारागिरी बघून त्यांचे शब्द संपले, असं मी धरून चाललो.

फोटो टपालानं गेला. सोबत मास्तरांची चार ओळींची चिठ्ठी. त्यात काय असणार? 'सर्व खुशाल आहे.'

आठ-दहा दिवसांनी, सकाळची आगगाडी येऊन गेल्यावर, एक माणूस माझ्या दारात उभा राहिला. अंगावर दवाखान्याचा सदरा, तोंडाला फडकं, गालांच्या जागी खड्डे. उंबरा ओलांडला नाही. हातात माझा फोटो होता, माझा शिक्का असलेली बाजू वर.

"हा तुम्ही काढला?"

"हो," मी अभिमानानं म्हणालो.

"एकच सांगा भाऊ. काढला तवा जितं होतं का?"

मला प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. मी म्हणालो, "म्हणजे काय, झोपलं होतं."

"झोपलं तं सगळेच म्हंतेत," तो म्हणाला.

मग त्यानं फोटो उलटा केला आणि मी तो त्याच्या डोळ्यांनी पाहिला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं लेकरू. डोळे मिटलेले. भोवती फुलं.

मी आत धावलो, ते निळं झबलं आणलं, त्याच्यासमोर हलवलं. "हे पाहा, हे निळं आहे! त्याला हेच घातलं होतं. फोटोत पांढरं दिसतं, कारण फिल्मला निळं पांढरं दिसतं आणि तांबडं काळं दिसतं, आणि..."

तो माझ्याकडे असा पाहत होता, जसं खेड्यातला शहाणा माणूस मंत्र पुटपुटणाऱ्या भोंदूकडे पाहतो. "ह्या वेळी पत्रात बी खुशालच लिव्हलं हाय," तो म्हणाला.

"अहो, गावी जाऊन या ना! पाच-सहा मैल."

तो दाराच्या चौकटीला टेकून खाली बसला. "पायातलं बळ गेलं जी. मागच्या खेपेले, आयकलं ते खोटं असन म्हणून, खुळखुळा घेऊन गेलो होतो घरी." "तुम्हीच पाहून या. नसन तं तसं सांगा. मी इथूनच कुठी जाईन तिकडं जाईन. असन तं संध्याकायच्या गाडीनं वापस जातो. उद्यापर्यंत खाट ठेवतो म्हंटलं हाय डाक्टरनं."

मी सायकल काढली. ती सायकल मी आयुष्यात तितक्या जोरानं कधी हाणली नाही. धानाच्या बांधावरून दोनदा चिखलात गेलो. वाटेत मला भलतीच शंका येऊ लागली. दीड महिन्याचं, हाडाचं बारीक लेकरू. मी पाहून दहा-बारा दिवस झाले. ते खरंच असेल ना? माझ्याच फोटोवर आता माझा विश्वास उरला नव्हता.

सुपडा अंगणात तेल लावून उन्हात पडला होता आणि बोंबलत होता. इतकं सुरेख रडणं मी नंतर माझ्या मुलांचंही ऐकलं नाही. सखुबाईला सगळं सांगितलं, तर तिनं मला जे काही म्हटलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. शेवट असा होता: "म्या म्हंटलं होतं ना, साजरा नको, जिता पायजे! तुम्ही साजरा काढला!"

दुपारी त्यांची बैलगाडी माझ्या दारी लागली. शिवराम रस्त्यापलीकडच्या चिंचेखाली उभा होता. लेकराजवळ जायचं नाही, हे डॉक्टरांचं सांगणं त्यानं तशाही अवस्थेत पाळलं. कौसल्येनं गाडीतूनच सुपड्याला दोन्ही हातांनी उंच धरलं. सुपड्यानं पाय झाडले. शिवरामनं तोंडावरचं फडकं वर ओढून डोळ्यांवरही घेतलं.

"पाह्यलास ना?" म्हातारी रस्त्यावरून ओरडली. "आता जाय!"

"फोटो घेऊन जातो," तो म्हणाला. "तिकडं परत वाटन मले, सपनात पाह्यलं म्हणून."

ह्या वेळी मी कोणाला काही सुचवलं नाही. पाच घरांचं झबलं, राजवाड्याचा पडदा गुंडाळून ठेवलेला, माळा बंद. कौसल्या लेकराला मांडीवर घेऊन बसली. शिवराम उंबऱ्याबाहेर. मी टोपण काढलं, "एक" म्हणालो, आणि बाहेर शिवराम खोकला. सुपड्यानं आवाजाकडे मान फिरवली आणि हात उडवला.

"गेला," मी म्हणालो. दुसरी फिल्म लावली. ह्या वेळी डोळे उघडे, मान स्थिर, चिंधी न् चिंधी स्वच्छ. धुऊन दोन्ही ओले फोटो दारात घेऊन गेलो आणि चांगला पुढे केला. "हा घ्या. तो हलला आहे, फेकायचाच आहे."

शिवरामनं हललेला ओढून घेतला. सुपड्याच्या हाताच्या जागी नुसता पांढरा धूर, तोंड अर्धवट वळलेलं.

"हालून राह्यलं ना?"

"हो, म्हणूनच तर खराब..."

"मंग हाच." तो जवळ नेऊन पाहू लागला. "हा चौकडा पाटलीनबाईच्या लुगड्याचा. हे पट्टे मास्तरच्या सदऱ्याचे. ठिपके तेल्याकडचे. काठ कोष्ट्याच्या घरचा." मग थबकला. "बुढे, अन् हा साधा तुकडा तं तुह्याच लुगड्याचा हाय! पाच घरं कुठी झाली?"

"पाचव्या घरी कुलूप होतं," सखुबाई घाईनं म्हणाली. "हळू बोल, सटवी आयकते!"

तो हसला. हसता हसता खोकला, आणि संध्याकाळच्या छोट्या आगगाडीनं ओला फोटो टीपकागदात धरून परत गेला.

दीड वर्षानं तो सुया पुऱ्या करून घरी आला. महिन्याभरानं तिघं माझ्याकडे आली. सुपडा आता पायानं चालत होता आणि माझ्या पडद्यावरच्या बिनडोक्याच्या मोराकडे बोट दाखवून मला "डोक्सं?" असं विचारत होता. शिवरामनं कोपरे झिजलेला तो फोटो काढला. "भाऊ, तुम्ही ब्रशानं रंग भरून देता म्हंतेत. ह्याच्यात भरून द्या."

मी रंगाच्या वड्या भिजवल्या. "कोणते भरू?"

"चौकडा हिरवा. पट्टे निळे. ठिपके पिवळे, झेंडूवानी. काठ तांबडा." एकदाही अडखळला नाही. "रोज पाह्यलं ना जी. खाटेवर पडल्या पडल्या."

कौसल्या त्याच्या मागं उभी होती. तिनं हातातल्या पिशवीतून एक कापड अर्धं वर काढून मला दाखवलं. तेच झबलं, रंग पाहून भरता यावेत म्हणून तिनं बरोबर आणलं असणार. चौकडा तांबडा होता. पट्टे काळे. ठिपके कसले ते धुऊन धुऊन कळत नव्हतं, पण झेंडूवानी नक्कीच नव्हते.

माझा ब्रश हवेत राहिला. एकदा निळ्याचं पांढरं करून मी ह्या माणसाला अर्ध्या वाटेवरून फिरवला होता. आता खरं काय ते दिसत असताना पुन्हा चुकीचं भरू? मी कौसल्येकडे पाहिलं. तिनं मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही. मग ती म्हणाली, "ते म्हंतेत तसंच भरा."

मी चौकडा हिरवा केला. पट्टे निळे, ठिपके झेंडूचे, काठ तांबडा. धुरासारख्या हाताला रंग भरता येईना, तो तसाच सोडला. शिवरामनं फोटो उजेडात धरला.

"बराबर. असंच होतं," तो बायकोला म्हणाला. "सांगत होतो ना तुले?"

"हो जी," कौसल्या म्हणाली, आणि झबलं पिशवीत खोल दाबलं.